स्टोरीबोर्ड वहीत राहतो आणि फिल्म चार सेकंदांत संपते, तेव्हा काय करायचं

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात लिहिते. गुहागर तालुक्यातली शाळा, सातवीची २८ मुलं, दोन मोबाईल, आठवड्याला दोन तास, आणि करायची आहे स्टॉप मोशन फिल्म, म्हणजे वस्तू जराजरा सरकवत एकेक फोटो काढायचा आणि ते फोटो जोडून ती हलताना दाखवायची. तुम्ही डिझाईन प्रोसेसच्या, म्हणजे एखादी गोष्ट विचार करून घडवण्याच्या, पायऱ्या दोन आठवडे शिकवल्या, मुलांनी वहीत सुंदर स्टोरीबोर्ड, म्हणजे फिल्मच्या गोष्टीची क्रमाने चित्रं, काढले, आणि प्रत्यक्ष शूटिंगला बसल्यावर स्टोरीबोर्ड बाजूला पडला, क्लेची माणसं भराभर सरकवली गेली आणि फिल्म झाली चार सेकंदांची, तीही लुकलुकणारी. तुम्ही विचारलंय की प्रोसेस अजून नीट कशी शिकवू आणि ती लुकलुक कशी घालवू.

लुकलुकीचं उत्तर सोपं आहे, खाली देते. पण पहिल्या प्रश्नाबद्दल मला वेगळं वाटतं. तुम्ही प्रोसेस कमी शिकवलीत असं नाही, ती एकदाच फिरली आणि ती फेरी फार मोठी होती. मुलांनी आधी निरीक्षण, मग कल्पना, मग आराखडा असं धड्यासारखं एकामागून एक केलं, आणि हलणारी वस्तू त्यांच्या हातात पहिल्यांदा आली ती अगदी शेवटी. जी गोष्ट कधी हलवूनच बघितली नाही तिचा आराखडा मूल काढणार कशाच्या जोरावर? ते आपलं चित्र काढतं, कारण चित्र त्याला येतं. मग शूटिंगला बसल्यावर त्याला कळतं की चित्रातला 'राजू पळत घरी जातो' म्हणजे साठ-सत्तर फोटो आहेत, आणि तिथे त्याचा धीर सुटतो.

मी मालवणच्या बाजूला चित्रकला शिकवते आणि गेली अकरा वर्षं सातवी ते नववीच्या मुलांबरोबर स्टॉप मोशन करते. माझ्या पहिल्या वर्षी अगदी हेच झालं होतं. पायऱ्यांचे पाच तक्ते भिंतीवर, मुलांना तोंडपाठ, आणि शाडूची इतकी देखणी पात्रं केलेली की हेडमास्तरांनी ती काचेच्या कपाटात ठेवायला मागितली. शूटिंगच्या दिवशी शाडू वाळून कडक झालेला, हात वाकवला की हात तुटत होता. एक मुलगी तुटलेला हात घेऊन रडत बसली. ते तिचं चुकलं नव्हतं, मी तिला पहिल्या दिवशी त्या मातीचे चार फोटो काढून बघू दिले असते तर तिला पहिल्याच दिवशी कळलं असतं. तेव्हापासून पहिल्या तासाला कॅमेरा मुलांच्या हातात असतो.

आता यातलं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर आहे हेही सांगते. तुमचा तास पस्तीस मिनिटांचा असेल तर मी सांगते त्यातलं काही दोन तासांत विभागावं लागेल, दोन तास सलग मिळत असतील तर हेडमास्तरांना विनंती करून तसे घ्या, सामान मांडण्यातच दहा मिनिटं जातात. २८ मुलं आणि दोन फोन म्हणजे पाच-सहा जणांचे पाच गट, त्यातले दोन गट शूट करणार आणि तीन गट बसून राहणार, म्हणजे त्या तिघांना खरं काम हवं, नाहीतर वर्गात काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. आणि महिना कोणता आहे यावर तर खूपच आहे, आपल्याकडे पावसाळ्यात कागद सादळतो, एप्रिल-मेमधे क्ले हातात चिकटायला लागतो. मला दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा वाटतो.

तर मी काय करते. एका मोठ्या फेरीऐवजी तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत सगळ्या पायऱ्या असतात, फक्त आकार वाढत जातो.

पहिली फेरी आगकाड्यांची. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' नावाची छोटी फिल्म केली होती, काड्या हलवून हलवून. हे मी मुलांना आवर्जून सांगते, कारण हे काम बाहेरून आलेलं, महागड्या स्टुडिओचं आहे असं त्यांना वाटत असतं, आणि आपल्याच माणसाने शंभरावर वर्षांपूर्वी काड्यांवर केलं म्हटलं की चेहरे बदलतात. काम एवढंच, दहा काड्या आणि २४ फोटो. सेकंदाला १२ फोटो धरले तर दोन सेकंद. विषय मी देते, 'काड्यांना भीती वाटली'. बस. गटाने दोन मिनिटं बोलायचं, दहा मिनिटांत शूट, लगेच बघायचं, लगेच दुसऱ्या गटाला दाखवायचं, आणि मग तेच परत करायचं. दुसऱ्या वेळी झालेला फरक मुलांना स्वतःला दिसतो, मला काही बोलावं लागत नाही. पहिल्यांदा काड्या नुसत्या पळतात, दुसऱ्यांदा कोणीतरी सुचवतं की पळायच्या आधी जरा थरथरू दे, आणि ती थरथर आली की काड्या घाबरल्यासारख्या खरंच वाटतात. डिझाईन प्रोसेस म्हणतात ती पूर्ण इथे झाली, एका तासात, तक्ता न लावता.

दुसरी फेरी निरीक्षणाची, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते. तुमची शाळा किनाऱ्यापासून लांब नसेल तर मुलांना एक संध्याकाळ वाळूवर घेऊन जा आणि कुर्ल्या बघायला लावा. नुसतं बघायचं नाही, एकाने बघायचं, दुसऱ्याने सेकंद मोजायचे, तिसऱ्याने लिहायचं. वर्गात विचारलं कुर्ली कशी चालते तर सगळे सांगतात, आडवी. पण किती वेळ पळते, कधी थांबते, बिळाच्या तोंडाशी किती वेळ थबकते हे रोज बघूनही कोणी बघितलेलं नसतं. ती एकदम पळते, एकदम थांबते, डोळे वर काढून बसते, आणि परत पळते. हे लिहून आणलं की वर्गात येऊन कागदाच्या लांब पट्टीवर टिंबं काढायची, एक टिंब म्हणजे एक फोटो. हळू असेल तिथे टिंबं जवळजवळ, जोरात असेल तिथे लांबलांब, थांबली असेल तिथे एकाच जागी आठ-दहा टिंबं एकावर एक. ती पट्टी फ्रेमच्या अगदी खाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी चिकटवायची आणि कुर्ली त्या टिंबांप्रमाणे सरकवायची. पाच सेकंद, ६० फोटो.

मागच्या वर्षीचा एक मुलगा आठवतो. पालथा झोपून, पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने कुर्लीचा एकेक पाय सरकवत होता, श्वास रोखून, म्हणजे त्याच्या श्वासाने कागद हलतो हे त्याचं त्यालाच कळलं होतं. चाळीसाव्या फोटोला थांबला आणि मला म्हणाला, "बाई, ती मधीच थांबता, मगे पळता. आमी थांबवूकच नाय." पट्टीवरची थांबायची टिंबं त्यांनी घाईत गाळली होती. गटातल्या बाकीच्यांना पुढे जायचं होतं, याने परत पहिल्यापासून काढायला लावलं. वर्गात एरवी हा मुलगा फारसा बोलत नाही. निरीक्षण ही पायरी कशासाठी असते हे त्या दिवशी त्या गटाला कळलं, आणि ते मी शिकवून कळलं नसतं.

तिसरी फेरी म्हणजे खरी फिल्म, पंधरा-वीस सेकंदांची, त्याहून मोठी नको. २० सेकंद म्हणजे २४० फोटो. नवीन मुलांचा गट मिनिटाला दोन-तीन फोटो काढतो असा माझा अनुभव आहे, म्हणजे सलग बसलात तरी दीड-दोन तास. हे गणित मुलांकडूनच फळ्यावर करून घ्या, कथा ठरवायच्या आधी. राक्षस, युद्ध, भूकंप सगळं तिथेच गळून पडतं.

कथा ठरवताना मी एक वाक्य लिहून घेते: ही फिल्म कोणासाठी आणि बघून त्याला काय कळलं पाहिजे. 'स्वच्छतेचे महत्त्व' असलं वाक्य मी घेत नाही, ते कोणासाठीच नसतं. वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका गटाने लिहिलेलं वाक्य असं होतं, 'होमस्टेला आलेल्या पाहुण्यांना कळावं की कासवाची पिल्लं निघतात तेव्हा किनाऱ्यावर टॉर्च मारायचा नाही.' तिकडे वायंगणीला, तुमच्या जिल्ह्यात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, आणि किनाऱ्यावर दिवे असले तर समुद्राऐवजी उलटी जमिनीकडे वळतात. हे मुलांना घरातूनच माहीत होतं. मग पुढचे सगळे निर्णय त्या वाक्यावरून झाले. पाहुणे मुंबईचेही असतील, बंगलोरचेही, मग बोलणं नको, नुसतं दिसलं पाहिजे. रात्र आहे मग काळा कागद. पिल्लू लहान दिसलं पाहिजे मग शेजारी माणसाची चप्पल. वाक्य नेमकं असेल तर मुलं एकमेकांशी भांडत नाहीत, वाक्याकडे बोट दाखवतात.

स्टोरीबोर्डबद्दल एकच बदल सुचवते पण तो जरूर करा. वही बंद. पोस्टकार्डाएवढे सुटे कागद द्या, सहा ते आठ, जास्त नाही. वहीत काढलेलं चित्र मूल कधीच खोडत नाही, त्यावर शेरा आणि सही मिळालेली असते, पण सुटी कार्डं ते जमिनीवर मांडतं, उचलतं, मागेपुढे करतं, एखादं काढूनही टाकतं. आपल्याकडे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा आहे, सुट्या चित्रांची पोथी असते आणि सांगणारा एकेक चित्र पुढे ठेवत गाऊन गोष्ट सांगतो. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मी मुलांना तसंच करायला लावते. कार्ड पुढे ठेवायचं, त्या चित्रातलं तोंडाने सांगायचं, चित्रात नसलेलं सांगायला लागलात तर एक कार्ड कमी आहे, आणि दोन कार्डांवर सांगायला एकच गोष्ट असेल तर एक कार्ड जास्त आहे. सांगताना दुसऱ्याने घड्याळ लावायचं आणि प्रत्येक कार्डाच्या मागे सेकंद आणि फोटो लिहायचे, '३ सेकंद, ३६ फोटो'. आता हेच कार्ड शूटिंगला कॅमेऱ्याशेजारी उभं राहतं, बाजूला पडत नाही, कारण किती फोटो काढायचे ते त्याच्यावरच लिहिलेलं आहे.

मग चाचणी. तुमच्या प्रश्नात या पायरीचा उल्लेखच नव्हता, आणि मी बाकी सगळं सोडायला तयार आहे पण हे सोडणार नाही. पूर्ण फिल्म काढायच्या आधी एक कच्ची फिल्म काढायची, दर कार्डाचे चार-पाच फोटो, कासवाच्या जागी चिंचोका चालेल, रंग नको, सजावट नको. ती अशा माणसाला दाखवायची ज्याला गोष्ट माहीत नाही. पहिलीतलं मूल, पोषण आहाराच्या ताई, मुलांना न्यायला आलेलं कोणी. फिल्म चालू असताना आणि नंतरही गटाने एक शब्द बोलायचा नाही, फक्त विचारायचं, काय झालं ते सांगा. मुलांना हे फार जड जातं, त्यांना समजावून सांगायचंच असतं. तोंडावर हात ठेवून बसवते मी त्यांना.

त्या कासवाच्या गटाने फिल्म एका मुलीच्या आजीला दाखवली. आजीने दोनदा बघितली आणि म्हणाली, "ह्या कासव खंय चल्ला, ताच माका कळूक नाय." मुलांचा पहिला विचार असा की चिंचोका आहे म्हणून कळलं नाही, कासव नीट काढू. मी म्हटलं आजीने कासव ओळखलं की, ती कासवच म्हणाली, कळलं नाही ते कुठे चाललंय ते. अर्धा तास गेला, मी काही सांगितलं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की पहिल्या कार्डात समुद्र उजवीकडे आहे आणि तिसऱ्यात डावीकडे, त्यामुळे पिल्लू समुद्राकडे जातं आणि टॉर्चकडे जातं हे दोन्ही सारखंच दिसतं. समुद्र कायम उजवीकडे ठेवला, आणि टॉर्च लागल्यावर पिल्लू वळायच्या आधी एक सेकंद थांबवलं, म्हणजे १२ फोटो काहीच न हलवता. परत आजीकडे गेले. या वेळी आजीने पिल्लू वळल्यावर "गे बाये" म्हणून हात पुढे केला. हे दोन्ही बदल फुकटचे होते, पण २४० फोटो काढून झाल्यावर कळले असते तर कोणीच केले नसते.

गुण द्यायचे असतील तर मी इथे देते. प्रत्येक गटाची एक बदलवही असते, एक ओळ काय बदललं आणि एक ओळ का. फिल्म देखणी झाली की नाही यावर मी गुण देत नाही, त्याने चांगलं चित्र काढणारी मुलंच पुढे जातात आणि बाकीची सामान धरायला उभी राहतात.

आता लुकलुक. फोन प्रत्येक फोटोला उजेड आणि रंग स्वतः ठरवतो, पांढरा युनिफॉर्म घातलेलं मूल जरा पुढे वाकलं की त्या शर्टावरून उजेड परततो आणि फोटो बदलतो, म्हणून फोकस, एक्सपोजर (उजेड किती घ्यायचा ते) आणि व्हाईट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करा. स्टॉप मोशन स्टुडिओ ॲपमधे मॅन्युअल सेटिंग आहे, आणि आधीचा फोटो पुसट दाखवायची सोय आहे, ती मुलांना पहिल्या दिवशीच दाखवा. ट्यूब किंवा एलईडी असेल तर आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो, म्हणून शटरचा वेग, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते, निवडता येत असेल तर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवा. खिडकीचा उजेड नको, ढग आला की गेलं. आणि कौलारू वर्ग असेल तर वर बघा, काचेचं कौल असतं, त्याचा उन्हाचा कवडसा तासाभरात अख्खं टेबल ओलांडतो आणि फिल्ममधे तो पळताना दिसतो. माझ्या एका गटाची दुपार त्यात गेली. कोपरा बघून, खिडकीला गडद चादर लावून, दोन्ही बाजूंनी एकेक नऊ वॉटचा बल्ब, पुढे बटर पेपर, एवढं पुरतं.

फोन हलू नये म्हणून बाकावर शूट करू नका, आपल्या शाळांचे बाक डुगडुगतात. फरशीवर बसा. मोठं भोक असलेलं प्लास्टिकचं स्टूल मिळतं ना, त्या भोकावर कॅमेरा खाली करून फोन ठेवायचा आणि चित्र स्टुलाखाली, पाय फ्रेममधे आले तर जरा झूम, उजेड बाजूने येतोच. स्टुलाच्या पायांभोवती खडूने खुणा करून ठेवा, कोणाचा धक्का लागला तर परत त्याच जागी बसवता येतं. फोन विमान मोडवर टाका. स्क्रीनला बोट लावलं की फोन हलतो म्हणून जुन्या वायरवाल्या इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने फोटो काढा, बऱ्याच फोनला चालतं.

पहिल्या वर्षी क्लेची उभी माणसं नकोच. ती पडतात, आत तार लागते, पाय टाचणीने खाली रोवावे लागतात. कागदी कातरकाम करा, आणि त्याला जुन्या लग्नपत्रिका सगळ्यात उत्तम, जाड असतात, सादळत नाहीत आणि घरोघरी गठ्ठे पडलेले असतात. सांध्याला सुईने भोक पाडून दोऱ्याची गाठ दोन्ही बाजूंनी. क्ले वापरायचाच असेल तर डबा गार पाण्याच्या परातीत ठेवा.

शूटिंगला गटात एक हलवणारा, एक फोटो काढणारा, एक मोजून कार्डावर रेघ मारणारा, एक फक्त स्क्रीनकडे बघणारा, आणि दर ३० फोटोंनी अदलाबदल. ज्या गटांकडे फोन नाही त्यातल्या एकाने कार्डं मांडायची, एकाने बाहेर जाऊन चाचणी घ्यायची, एकाने आवाज शोधायचे. आवाज शेवटी जोडतात, पण शोधायला आधीपासून लावता येतं, करवंट्या, सूप, वाळू भरलेली बाटली. आमची लाट सुपात तांदूळ फिरवून झाली होती.

तुमच्या चार सेकंदांच्या फिल्म डिलीट करू नका. आधी ॲपमधे सेकंदाला किती फोटो लावलेत ते बघा, २४ असतील तर १२ करा, तीच फिल्म आठ सेकंदांची होईल आणि मुलांना जरा हुरूप येईल. मग प्रत्येक गटाची फिल्म पहिलीच्या मुलांना दाखवा, गटाला गप्प बसवून, आणि मुलं काय सांगतात ते तसंच्या तसं बदलवहीत पहिल्या पानावर लिहून घ्या. फिल्म संपली आहे असं मुलांना वाटत असेल, तिला कच्ची फिल्म म्हणा आणि तिथूनच पुढे चला, दोन आठवडे वाया गेले असं व्हायचं कारण नाही.

आणि पुढच्या तासाला आगकाड्या नेणार असाल तर आदल्या रात्री पाण्यात भिजवून गूल खरवडून टाका आणि सुकवून न्या, २८ मुलांत एक तरी पेटवून बघतंच.